किल्ला कुठाय? – इंग्लंडातल्या टेकड्या, मातीचे गड आणि तुमचे अनुभव

माळ्यावरची

दिवाळीची साफसफाई अजून संपलेली नाही. काल माळ्यावरून एक खोका काढला, वर मार्करने 'रेडिंग – किचन' लिहिलेलं. आत किचनचं काहीच नाही. दोन पिशव्यांत गुंडाळलेले माझे ट्रेकचे बूट निघाले आणि तळाच्या खाचांत वाळून घट्ट बसलेला पांढरा लगदा. नखाने खरवडला तर पाटीवर रेघ ओढता येईल असा. खडूच तो, दक्षिण इंग्लंडातल्या डोंगरांचा. अकरा वर्षं माळ्यावर होता. साफसफाई तिथेच थांबली हे सांगायला नकोच.

२०१४ च्या मे महिन्यात सासरे आमच्याकडे आले होते. बाबा म्हणजे रायगड चौदा वेळा केलेला माणूस. लंडनचा राजवाडा, ती मोठी चक्री वगैरे त्यांनी निमूट सोसलं. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "अगं, इथे एखादा किल्ला नाही का? पायी चढायचा?" आम्ही डॉर्सेटमधला मेडन कॅसल काढला. लोहयुगातला, तटांच्या आत ४७ एकर, ब्रिटनमधल्या अशा किल्ल्यांत सर्वांत मोठ्यांपैकी एक. आकडा ऐकून बाबांनी कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी घेतली.

गाडीतून उतरलो तर समोर गवताचे उंच बांध, एकामागे एक, मध्ये खंदक, आणि मेंढ्या. दगड म्हणाल तर औषधाला नाही.
"किल्ला कुठाय?"
नवरा म्हणाला, "हाच."
"तटबंदी?"
"हे बांध हीच तटबंदी, बाबा."
"बुरूज?"
"नाहीत."
"टाकी तरी?"
"नाहीत हो."
पंगतीत बसवून नुसता वरणभात वाढल्यावर माणूस जसा बघतो तसे बाबा नवऱ्याकडे बघत राहिले.

मग पश्चिमेच्या वाटेने आत शिरलो. ती वाट सरळ आत जातच नाही. एका बांधाला वळसा घातला की दुसरा आडवा. उजवीकडे वळा, पुन्हा बांध. डावीकडे वळा. दोन्ही अंगांना डोक्यावर उभं राहून मारा करता येईल अशी जागा. तिसऱ्या वळणावर बाबा थांबले. मागे वळून बघितलं, काठी उचलून वरच्या कडेपर्यंत नेली आणि अगदी हळू म्हणाले, "अगं, हे तर गोमुख आहे, आपल्या गडांच्या वळणदार दारासारखं."

पुढचे दोन तास आम्हाला गाइड लागला नाही. गोफणीचे गोटे इथे वीस हजारांहून जास्त सापडले, दहा-बारा किलोमीटरवरच्या चेसिल किनाऱ्यावरून आणलेले, असं वाचून दाखवलं तर म्हणाले, "बरोबर आहे, उतारावर गोफणच चालणार." गोफण फिरवायला किती जागा लागते ते त्यांनी हात फिरवून दाखवलं. दोन मेंढ्या पळाल्या.

तुमचंही लिहा. किल्लाच हवा असं नाही. टेकडी, वारा, चिखल, हरवलेली वाट, काहीही चालेल.

बंड्या०७

फोटो??

माळ्यावरची

जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत, तो चालू होत नाही. बुटांचा टाकू का?

चिंगी_स्विंडनवाली

अगं बाई रेडिंग! आम्ही स्विंडनला, म्हणजे शेजारीच की. इथून बार्बरी कॅसल गाडीने पंधरा-वीस मिनिटं. आमचं संक्रांतीचं ठरलेलं ठिकाण, कारण वारा फुकट. जानेवारीत दोन डिग्री, मुलं स्नोसूटमध्ये, वरून हलव्याचे दागिने (हो, स्नोसूटवरून. सासूबाईंनी पार्सलने पाठवलेले, फोटो नको का). पतंग वर गेला तो गेलाच, बहुतेक ऑक्सफर्डला उतरला असेल. मी तटावर बसून तिळगूळ वाटत होते तर कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. त्यांना दिला. दातच अडकला त्यांचा, पाक जरा जास्त झाला होता. तरी "लव्हली" म्हणाले. हे लोक काहीही झालं तरी लव्हली म्हणतात.

कुकर झाला, पळते.

सह्यवेडा

मॅम टॉर. डर्बीशायर, पीक डिस्ट्रिक्ट. उंची ५१७ मीटर. ग्रुपमध्ये सगळ्यांनी हवा केली होती म्हणून मी फुल तयारीने गेलो, दोर सोडून सगळं. वर जायला चक्क फरशा घातल्यात! पर्वती जास्त दमवते. माझ्या शेजारून एक बाई बाबागाडी... नाही, बाळ पाठीवर घेऊन गप्पा मारत पुढे गेली.

पण वर पोचल्यावर गप्प बसलो. एका बाजूला एडेलची दरी, दुसऱ्या बाजूला कॅसलटन, मध्ये लोझ हिलपर्यंत गेलेली सोंड. अशा सोंडेवरून चालायचं सुख ज्याने रतनगड-कात्राबाई केलंय त्यालाच कळेल. माथ्याभोवती किल्ल्याचा बांध आहे, आत कांस्ययुगातल्या झोपड्यांसाठी सपाट केलेल्या जागा. तीनेक हजार वर्षांपूर्वी या वाऱ्यात कोण राहत होतं देव जाणे. माझी कानटोपी गेली.

आणि खाली उतरून तो मोडका रस्ता बघाच. हा डोंगर पूर्वेकडून सतत घसरतोय, म्हणून त्याला थरथरता डोंगर म्हणतात. रस्ता दुरुस्त करून करून थकले आणि १९७९ ला गाड्यांना कायमचा बंद केला. डांबराचे थरावर थर, लादीपाव मोडून ठेवल्यासारखे. पावसाळ्यातला वरंध घाट आठवला. फरक एवढाच की यांनी हार मानली, आपण अजून खडी टाकतोय.

साळुंकी

@सह्यवेडा हाहा लादीपाव!! आता भूक लागली.

निवांत_नाना

वाचतोय. आमच्या वेळी लंडनला गेलो की वेम्बली आणि परत. हे सगळं आहे हे कुणी सांगितलंच नाही. येऊ द्या अजून.

खापरखुंटी

मेडन कॅसलचं नाव बघून लॉगिन केलं, तीन वर्षांनी. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेल्यांना हे नाव माहेरचं वाटतं.

१९३४ ते ३७ तिथे मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांची बायको टेसा यांनी खोदकाम केलं. टेसाबाई ३६ सालीच गेल्या, त्यांचं श्रेय बहुतेक जण विसरतात म्हणून मुद्दाम लिहिलं. त्याच सुमारास ह. धी. सांकलिया लंडनला पीएचडी करत होते आणि त्या खोदकामावर त्यांनी काम शिकून घेतलं. पुढे तेच डेक्कन कॉलेजात आले. नाशिक, जोर्वे, नेवासे, इनामगाव सगळं त्यांच्या काळात. आणि व्हीलर १९४४ ला थेट भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. चौकोनी खड्डे आखायचे, मध्ये बांध राखायचे आणि त्या बांधाच्या उभ्या कापावर मातीचे थर वाचायचे, ही पद्धत त्यांनी इथे रुजवली. आम्ही उन्हात त्या बांधावर पाय पडला म्हणून सरांच्या शिव्या खाल्ल्यात. त्या शिव्यांचं मूळ डॉर्सेटात आहे.

आता जरा मीठ टाकते. पूर्वेच्या दरवाजाशी व्हीलरना बरेच सांगाडे सापडले. एकाच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेलं, डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात ठेवलंय. त्यावरून त्यांनी इ. स. ४३ च्या रोमन स्वारीतली कत्तल रंगवली, आणि काय रंगवली! पेपरवाले खूश. पण आता नव्याने काळ मोजल्यावर दिसतंय की ही माणसं एका दिवसात मेलेली नाहीत. कित्येक दशकं अधूनमधून मारली गेलीत, बरीचशी रोमन येण्याआधीच, म्हणजे आपसातच. भाऊबंदकी हो, दुसरं काय.

मी स्वतः मेडन कॅसलला गेलेली नाही. व्हिसा दोनदा नाकारला. असो.

माळ्यावरची

@खापरखुंटी, हे बाबांना वाचून दाखवते आज. तो मणका आम्ही बघितला होता. बाबा काचेजवळ इतके वाकले की टोपी आदळली. व्हिसाचं वाचून वाईट वाटलं गं.

मालवणचो_माल्व्हर्नात

माझी बदली वूस्टरला झाली तेव्हा आवशीक फोनवर सांगितलं की जवळच माल्व्हर्न म्हणून गाव आहे. तिला ऐकू आलं मालवण. म्हणाली, "मगे घराक येऊन जेवून जा."

तर माल्व्हर्नचे डोंगर. सगळी रांग फार तर तेरा किलोमीटर, पण सपाट मुलखातून अशी उठते की जेवताना ताटात मुरडीचा कानवला. दक्षिणेकडे ब्रिटिश कँप नावाचा किल्ला, ३३८ मीटर. दुरून बघितला तर डोंगराला कुणीतरी पायऱ्यापायऱ्यांनी कोरलंय असं वाटतं. कॅरॅक्टॅकस नावाचा राजा इथेच रोमनांशी शेवटचा लढला अशी दंतकथा. इतिहासकार मान हलवतात, कारण लढाईच्या वर्णनात जी नदी आहे ती इथे जवळ नाही. पण याच भागातला संगीतकार एल्गार, त्याने १८९८ ला या राजावर मोठी संगीतरचना केली. दंतकथा आणि गाणं एकत्र आलं की पुरावा कोण मागतो?

बायको पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलंच, "किल्लो खंय आसा?" सिंधुदुर्ग बघून वाढलेल्या माणसाला मातीचे बांध दाखवायचे म्हणजे कठीण. शेवटी खाली येऊन आइसक्रीम घेतलं तेव्हा मिटलं.

साळुंकी

माझं किल्ल्याचं नाही, गाईंचं आहे. चालेल ना? चिल्टर्न्समध्ये आयव्हिंगो बीकनला निघालो होतो, ट्रिंग स्टेशनवरून चालत. तिथे पायवाट सरळ लोकांच्या शेतातून जाते, हक्काची असते, कुणी अडवत नाही. पहिल्यांदा मला चोरासारखं वाटत होतं. कुंपण आलं की लाकडी पायऱ्या चढून पलीकडे, नाहीतर ते झुलतं फाटक, एकावेळी एकच माणूस मावतो असं. नाव किसिंग गेट. सासूबाईंनी पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं पुढे व्हा, मी मागून येते." आणि चक्क पाठ करून उभ्या राहिल्या!!

गाई राहिल्याच. पंधरावीस होत्या, वासरांसकट, वाट अडवून. सासूबाई पुढे झाल्या, "हल्या, हल्या, हो" केलं आणि गाई सरकल्या. इंग्लंडच्या गाईंना सांगलीचं कळतं.

चिंगी_स्विंडनवाली

@साळुंकी मेले हसून 😂 पण वासरं असली तर लांबूनच जा गं, खरंच. दरवर्षी कुणीतरी तुडवलं जातं इथे, कुत्रा बरोबर असेल तर जास्तच.

गडकोट_एकनिष्ठ

मातीच्या ढिगाऱ्यांचं एवढं कौतुक. आपले बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यावर धागा कुणी काढला? सायबाच्या देशातल्या मेंढ्यांवर चाळीस प्रतिसाद पडतील.

सह्यवेडा

@गडकोट दादा, बारातले अकरा महाराष्ट्रात, बारावा जिंजी तामिळनाडूत, आणि त्या सगळ्या धाग्यांवर मीच बोंबलत होतो, शोधून बघा. दोन्ही आवडू शकतं की. राजगडावर गेलो तेव्हा पद्मावती माचीवर चिप्सची पाकिटं गोळा करण्यात तास गेला. इथे ते नाही. इथे काय आहे माहितेय? कुत्र्याची घाण प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, गाठ मारायची आणि ती पिशवी झाडाला लटकवून जायची. नवसाची घंटा बांधल्यासारखी. माणूस सगळीकडे सारखाच हो.

गडकोट_एकनिष्ठ

घंटा 😄 बरं. वाचतो आहे.

दुपारची_झोप

अफिंग्टनचा पांढरा घोडा कुणीच कसा लिहिला नाही? थांबा, बाळ झोपलंय, तेवढ्यात लिहिते.

डोंगराच्या उतारावर ११० मीटर लांबीचा घोडा. चर खणून त्यात खडू ठोकून भरलाय, तीन हजार वर्षांच्या आसपासचा. वरच अफिंग्टन कॅसल, पुन्हा बांध आणि खंदकच. मजा अशी की शेजारी उभं राहिलं तर घोडा दिसतच नाही. नुसता एक पांढरा पट्टा, कुठेतरी डोळा. मुलगा म्हणाला, "आई, हे मांजर आहे." लांबून बघितल्यावर मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोला.

हा घोडा राखावा लागतो. नाहीतर गवत चढतं, काही वर्षांत गायब. म्हणून उन्हाळ्यात स्वयंसेवक बोलावतात. मी गेले. गुडघ्याखाली गादी, हातात हातोडी, बादलीतून खडूचे तुकडे ओतायचे आणि कुटायचे. कुटून कुटून त्याचा लगदा होतो, मग तो हाताने दाबायचा. तासाभरात माझा हात आपोआप गोल फिरायला लागला. आजोळी शेणाने अंगण सारवायचा हात! शेजारची पिकल्या केसांची बाई बघत राहिली, मग तिनेही तसंच फिरवलं. आम्ही दोघींनी घोड्याच्या मानेचा वीतभर तुकडा केला असेल नसेल. दुसऱ्या महायुद्धात हा झाकून टाकला होता, वरून जर्मन विमानांना खूण नको म्हणून. मग युद्ध संपल्यावर पु

उठला. नंतर.

निवांत_नाना

बाळाला कडेवर घेऊन टंकायला शिका.

ऑयस्टर_कार्ड

गाडी नाही, पैसे नाहीत, विद्यार्थी. माझ्यासाठी किल्ला म्हणजे एपिंगचं जंगल. सेंट्रल लाइनने लाउटनला उतरायचं, चालत लाउटन कँप. पुढे अ‍ॅम्ब्रेसबरी बँक्स. दोन्ही लोहयुगातले, दोन्ही झाडीत बुडालेले. पहिल्या वेळी मी तटावरच बसून पोळीभाजीचा रोल खाल्ला आणि किल्ला शोधत राहिले. रोमनांशी लढलेली बोडिका राणी इथे हरली अशी दंतकथा आहे, पक्कं काही नाही. प्रबंध अडला की मी तिथे जाते. मेट्रोने जाता येणारा गड, मुंबईकरांनो, जळा.

जुना_वकील

सॉल्सबरीजवळचं ओल्ड सेरम. हा लोहयुगाचा किल्ला, आत नॉर्मनांनी गढी बांधली, प्रार्थनामंदिरही बांधलं. मग पाणी, वारा आणि गढीतल्या शिपायांची कटकट यांना कंटाळून पाद्री मंडळी खाली नदीकाठी गेली आणि १२२० ला नवीन कॅथेड्रल सुरू केलं. त्यामागोमाग गावच खाली गेलं. वर उरलं गवत.

पण गंमत पुढे आहे. गाव नाही, माणूस नाही, तरी हे गवत १८३२ पर्यंत पार्लमेंटात दोन खासदार पाठवत होतं! मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही जमीनदाराचे. ओसाड गावची पाटीलकी म्हणतात ती ही. आणि पाटील कोण? मद्रासचा गव्हर्नर टॉमस पिट. याने गोवळकोंड्याकडच्या खाणीतला मोठा हिरा मिळवला, तो फ्रान्सच्या दरबाराला विकला, आज लूव्रमध्ये आहे. त्याचा नातू विल्यम पिट, पुढे पंतप्रधान झालेला, पहिल्यांदा याच गवतातून निवडून आला.

मी तटावर उभा राहून पत्नीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या सोसायटीची निवडणूक अशीच होते."

अपशिंगेकर

मला लिहायला वेळ लागला. माझं किल्ल्यावर नाही.

ब्रायटनला मुलीकडे होतो. साउथ डाउन्सवर पॅचमच्या वर चालत होतो, नुसते उघडे डोंगर, गुरं आणि वारा. एकदम समोर पांढऱ्या संगमरवराची छत्री. आपल्याकडे समाधीवर असते तशीच. नावही छत्रीच आहे. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिक ब्रायटनच्या राजवाड्यातल्या इस्पितळात आणले होते. त्यातले जे हिंदू आणि शीख वारले त्यांना या डोंगरावर अग्नी दिला. ५३ जण. छत्री १९२१ साली उभी राहिली. नावं मात्र जवळच्या दगडावर २०१० मध्ये कोरली.

आमच्या गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. गावात पहिल्या युद्धाचा दगड आहे, ४६ माणसं गेल्याचा. लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून बोरं खायचो.

मी बूट काढले. मुलगी म्हणाली, अहो बाबा, चिखल आहे. मोजे ओले झाले. नावं वाचली सगळी, मोठ्याने. ऐकायला गुरंच होती.

खापरखुंटी

🙏

माळ्यावरची

🙏 काका, बरं झालं लिहिलंत.

बंड्या०७

मी फोटो मागत बसलो होतो. सॉरी काका.

धुक्यातला_गडी

आमी कोल्हापूरचं, हिकडं न्यूकॅसलला. लई भारी धागा. येव्हरिंग बेल, नॉर्थम्बरलँड. ३६१ मीटर. ज्यांना दगड पाहिजे त्यांनी हिकडं या, हितला तट दगडाचाच, ढासळून रास झालीय खरं पण माथ्याभोवती पुरा फिरतोय. येव्हरिंग म्हणजेच शेळ्यांचा डोंगर. आणि शेळ्या खरंच हाईत, रानटी, ही लांब शिंगं.

मी सकाळी एकटाच गेलो. वर पोचलो आणि पाच मिनिटांत धुकं. मोबाइलची बॅटरी थंडीनं झोपली. नकाशा होता पण गाडीत, म्हणजे असून नसून सारखाच. तटाला हात लावत लावत फिरलो, म्हटलं कुठंतरी दरवाजा लागंल. दोन फेऱ्या झाल्या बहुतेक, माझीच सालपटं (संत्र्याची) दुसऱ्यांदा दिसली. मग वास आला. बोकडाचा. त्यो वास कोल्हापूरच्या माणसाला चुकत नाही. वासामागनं उतरलो तर शेळ्यांची वाट, तिनं खाली नेलं. गाडी होती त्याच्या उलट्या बाजूला, पण खाली.

बायकोला हे सांगितलेलं नाही. कुणी ओळखीचं असलं तर गप्प बसा.

चिंगी_स्विंडनवाली

@धुक्यातला_गडी नकाशा गाडीत 🤦 बरं ते जाऊ दे, तुम्ही सगळे डब्याला काय नेता? आमच्या पोळ्या त्या थंडीत पापड होतात.

साळुंकी

दशम्या ने. दुधातल्या. दोन दिवस मऊ.

ऑयस्टर_कार्ड

बटाट्याची भाजी घालून रोल, फॉइल. पण वर जाऊन गरम चहा हवाच, थर्मास विसरू नका.

माळ्यावरची

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. आता ७९ आहेत, गुडघे बोलतात, पण कान शाबूत. सांकलियांच्या प्रतिसादाला दोनदा "वा" म्हणाले. अपशिंगेकर काकांचा वाचला तेव्हा काही बोलले नाहीत, आत जाऊन पाणी पिऊन आले. मग मला दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, त्यांनी रायगड चौदा नाही, सोळा वेळा केलाय, आणि अशा गोष्टी लिहिताना आधी विचारायचं. दोन, मेंढ्या दोन नव्हत्या, तीन होत्या.

बूट अजून पुसलेले नाहीत. नवरा म्हणतोय टाकून दे, सोल सुटलाय.

सह्यवेडा

टाकू नका!! शिवाजीनगरला चांगला शिवून देणारा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

चिंगी_स्विंडनवाली

@साळुंकी दशमीत दूध किती? दोन वाट्या कणकेला?

साळुंकी

मावेल तेवढं. पाणी अजिबात नको. आणि गूळ किसून घाल, चिरलेला नको, लाटताना फुटतो.